काही करू नये, असा अर्ज

मे महिन्यातल्या एका मंगळवारी जामसरच्या पुढच्या तळ्यावर यंत्र आलं. संध्याकाळपर्यंत तळ्यातलं गवत काठावर आलं होतं. दाऊदभाई आणि मी बांधावर उभे होतो. ज्या अर्जावरून यंत्र आलं, तो माझ्या अक्षरात होता.

त्यानंतर दाऊदभाई सात वर्षं होते. आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात त्या मंगळवारपासून करायला हवी. ती टाळली तर पुढचं सगळं गोड होईल आणि खोटं होईल.

मी तेव्हा जव्हारच्या वाचनालयात होतो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, पावसाळ्यात बुरशी पुसायची. मी देशावरून आलेला, एकटा, आणि फारसा कुणाकडे जाणारा नव्हतो. दाऊदभाईंचं दुकान बाजारपेठेच्या उतारावर दोन दुकानांच्या मधल्या बोळात पत्रा टाकून केलेलं होतं. पाटीवर छत्री, कुलूप, स्टोव्ह आणि बॅटरी अशी चार चित्रं होती. अक्षर एकही नव्हतं. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "वाचणारे लोक नवीन विकत घेतात, गुरुजी. दुरुस्तीला येतात ते चित्रवाले."

मी गुरुजी नव्हतो. तसं सांगितलंही होतं. पण पुस्तकांत बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

उंच, हडकुळे, भुवया पांढऱ्या आणि दाट. हत्यारांची पिशवी आयुष्यभर एकाच खांद्यावर अडकवल्याने तो खांदा खाली उतरलेला. दिवाळी झाली की तपकिरी स्वेटर चढे, तो होळीला उतरे. मे महिन्यात ते पाडे फिरत. साखरशेत, वांगणी, कधी मोखाड्यापर्यंत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली माणसं पावसाच्या तोंडावर परतत, आणि दाराच्या कुलपाची किल्ली भिवंडीच्या नाहीतर वसईच्या भट्टीवर कुठेतरी राहिलेली असे. दाऊदभाई उंबऱ्यावर बसून तारेच्या तुकड्याने कुलूप उघडत आणि दार उघडलं की तोंड फिरवून उभे राहत. चार-सहा महिने बंद असलेल्या घरात आधी घरच्या माणसाने बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

जून ते सप्टेंबर छत्र्या. जव्हारच्या पावसात छत्री फार टिकत नाही, त्यामुळे चार महिने त्यांना मान वर करायला सवड नसे. नंतरचे महिने मोकळे. आणि नेमकं त्याच महिन्यांत तळ्यावर पाखरं येत. या योगायोगाला ते योगायोग मानत नसत.

वाचनालयात ते पहिल्यांदा आले ते अशाच मोकळ्या दिवसांत. चपला बाहेर काढून आत आले आणि वर्तमानपत्राच्या कडेला काढलेलं एक चित्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. लांब पाय, त्याहून लांब बोटं, मागे विळ्यासारखी वाकलेली शेपटी.

"याचं नाव पाहिजे. तीन वर्षं बघतोय."

"तीन वर्षांत कुणाला विचारलं नाहीत?"

"पहिल्या भेटीत नाव विचारणं बेअदबी आहे, गुरुजी. आधी थोडी ओळख होऊ द्यावी."

आमच्याकडे पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. कुणी भेट दिलेलं, कुणीही न उघडलेलं. त्यात तो सापडला. कमळपक्षी. मी इंग्रजीवरून मराठीत सांगत गेलो : मादी अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला निघून जाते; अंड्यांवर नर बसतो, पिल्लांना नर वाढवतो, संकट आलं तर पिल्लांना पंखाखाली धरून पळतो. दाऊदभाई ऐकता ऐकता बाकावर बसले. त्यांची मुलगी नसीम चार वर्षांची असताना त्यांची बायको गेली होती, आणि लोक सांगत असूनही त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हे इंग्रज लोकांना माहीत होतं?"

त्या दिवसापासून नर कमळपक्षी 'अब्बा' झाला. मादीला ते काहीच म्हणत नसत.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान बंद असे. त्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने निघायचो, फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचो. तळं म्हणजे फार मोठं काही नव्हतं. एका बाजूला जुना मातीचा बांध, तीन बाजूंना भातखाचरं, आणि वरच्या अंगाला पंधरा-वीस घरांचा पाडा. दिवाळीनंतर पाणी हळूहळू आत सरके आणि काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडे. लव्हाळ्याची बेटं, मध्ये कुमुदाची पानं. मार्चअखेर पाणी गुडघ्याएवढं उरे, एप्रिलात नुसता ओला चिखल. पाड्यावरचा एक रिवाज होता : नवा भात देवाला दाखवेपर्यंत तळ्यातल्या गवताला विळा लावायचा नाही. पक्ष्यांसाठी नव्हे, तसं होतं म्हणून. पण तोवर पिल्लं उडती झालेली असत.

दाऊदभाईंनी तळ्यावर बसायला एक छत्री केली होती. चार मोडक्या छत्र्यांचं कापड जोडून केलेली, एवढी मोठी की खाली दोघे मावत. चारही कापडं वेगवेगळी विटलेली. एक काळं, एक हिरवट, दोन मातीच्या रंगाची. ती आडवी टेकवून ते मागे बसत आणि कापडाला पाडलेल्या दोन भोकांतून बघत. गावभरच्या छत्र्यांची भोकं बुजवणारा माणूस स्वतःच्या छत्रीला कात्रीने भोकं पाडतो, यावर पाड्यावर बरेच दिवस हसणं झालं.

बसण्याआधी मला सूचना असे. "खोकला असेल तर आत्ता खोकून घ्या. पुढं परवानगी नाही." पाखरू दाखवायला ते बोट वापरत नसत. हात लांब केला की पाखराला काठी दिसते, म्हणत. हनुवटी किंचित वळवत, आणि मी त्या हनुवटीच्या रेघेवर शोधायचो. टिबुकली, वंचक, जांभळी पाणकोंबडी, हिवाळ्यात तुतवार आणि धोबी, आणि संध्याकाळी उतरणाऱ्या अडया, शीळ घालणारी बदकं, ज्यांना ते शिटीवाल्या म्हणत. मी वहीत लिहून घ्यायचो. त्यांना वही आवडत नसे, पण तसं कधी बोलले नाहीत. मी लिहायला लागलो की दुसरीकडे बघत.

एकदा मुंबईचे चौघे-पाचजण आले होते. टोप्या, दुर्बिणी, कॅमेरे. त्यांतल्या एकाने विचारलं, "इथे एकूण किती प्रकारचे पक्षी आहेत?"

"मोजले नाहीत, साहेब. हजेरी घ्यायची पद्धत नाही इथं."

त्याने हसून दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली. दाऊदभाईंनी बराच वेळ पाहिलं, मग दुर्बीण दोन्ही हातांनी परत केली. परत येताना वाटेत म्हणाले, "चीज चांगली आहे. पण पाखरू जवळ आल्यासारखं वाटतं आणि आलेलं नसतं. आपण जवळ जायला पाहिजे ना, की त्याला ओढून आणायचं?"

पक्ष्यांसाठी त्यांनी दुकान बंद केलं ते एकदाच, आणि तेही ऑगस्टमध्ये. चार दिवस झड लागली होती. मी माझी छत्री आणायला गेलो होतो. दुकानात छत्र्यांचा ढीग, बाहेर गिऱ्हाइकं, आणि दाऊदभाई फळ्या लावत होते. कचेरीतले एक हेडक्लार्क भिजत उभे होते.

"अहो दाऊदभाई, पाऊस पडतोय आणि तुम्ही दुकान बंद करताय? मग उघडता कधी, उन्हात?"

"माफ करा साहेब. तिकडं पाणी चढतंय आणि अब्बा अंड्यांवर बसलेत."

"कुणाचे अब्बा?"

"चौघांचे. अजून जन्माला यायचेत."

हेडक्लार्क माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. दाऊदभाईंनी ढिगातली एक छत्री त्यांच्या हातात दिली. "ही घेऊन जा. बायकांची आहे, पण गळत नाही." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन वाचनालयात आले. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. पाणी वाढलं तसं घरट्याचं पान बुडायला लागलं होतं. नराने चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून मागे मागे सरत ते दुसऱ्या पानांवर नेलं. एक, मग दुसरं, मग तिसरं.

"चौथं?"

"चौथं राहिलं."

"तुम्ही होतात ना तिथं? उचलून ठेवता आलं नसतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरच्या कुणाविषयी वावगं बोललो होतो. "मी पुढं गेलो असतो तर तो उठून गेला असता. मग चारही गेली असती. बघत उभं राहणं सोपं नाही, गुरुजी. हात सारखे पुढं जातात."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. समजलं नव्हतं हे उघड आहे.

पुढच्या हिवाळ्यात तळ्यावर जाळी लावायला लागले. मोटारसायकलवरून दोघे येत, कुठले ते कळलं नाही. एका सकाळी आम्ही पोहोचलो तर लव्हाळ्यात पिसं पडली होती आणि चिखलात काठ्यांची भोकं होती. अडया नव्हत्या. दाऊदभाई त्या भोकांजवळ उकिडवे बसले. कुठल्या काठीला जाळं कसं बांधलं असेल, हे त्यांच्यातल्या कारागिराला दिसत असणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्ज लिहा, गुरुजी. तळ्याला कुणी हात लावू नये, एवढंच लिहा. जास्त काही नको."

मी लिहिला. एक पान. मला वाटतं, माझ्या हातून चांगलं मराठी लिहिलं गेलं असेल तर ते त्या पानावर. दाऊदभाई तो घेऊन पाड्यावर गेले. मी सोबत होतो. सोनीबाई नावाची एक म्हातारी पाड्यावर सगळ्यांच्या वतीने बोलायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' असे, मास्तरांना आणि तहसीलदारालाही. तिने कागद उलटा धरून पाहिला.

"ह्यात पानी हाय का?"

दाऊदभाई म्हणाले, "पाण्याचं नाही, सोनीबाई. पाखरांचं आहे."

"पाखरांचा होवं दे. पानी ऱ्हाला तर आमचा पन हुईल. चैतात आमी पान्याला दरीत उतरतूं, तुला ठावं हाय." आणि तिने अंगठा दिला. मागोमाग आणखी सहा अंगठे उमटले.

अर्ज द्यायला मी एकटा गेलो. कोणत्या कचेरीत, ते लिहीत नाही; तिथल्या माणसांची यात चूक नाही. अर्ज घेणारे कारकून आमच्या वाचनालयाचे सभासद होते. त्यांनी पान नीट वाचलं, दोनदा वाचलं.

"सुंदर लिहिलंय," ते म्हणाले. "पण काम काय आहे?"

"काम नाही. तळ्याला हात लावू नये, एवढंच."

"अहो, अर्ज म्हटला की मागणी पाहिजे. विहीर द्या, रस्ता द्या, बांध दुरुस्त करा. 'काही करू नये' यावर मी शेरा काय मारू? कुठल्या टेबलावर पाठवू? हा इथेच पडून राहील." मग जवळ सरकून, मनापासून म्हणाले, "तुम्ही असं करा. गाळ काढणे आणि सुशोभीकरण घाला. त्यात राखीव क्षेत्राचा फलक बसून जातो. एकदा नोंद झाली की जाळीवाल्यांना हाकलता येईल."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी दुसरं पान लिहिलं. पहिलं सगळं तसंच ठेवलं आणि शेवटी एक वाक्य घातलं : 'तरी सदर तळ्यातील गाळ व गवत काढून, काठ बांधून सुशोभीकरण करावे व पक्ष्यांसाठी राखीव पाणथळ असा फलक लावावा.' मला वाटलं होतं, यातलं फलकाचं तेवढं होईल. बाकी कामं आपल्याकडे कागदावर राहतात. राहतील याची मला खात्री होती. आयुष्यात सरकारवर मी एवढा भरवसा कधी ठेवला नव्हता.

अंगठ्यांचं जुनं पान मागे जोडलं, पण नवीन पानावर दाऊदभाईंची सही हवी होती. मी दुकानात गेलो. ते स्टोव्ह उघडून बसले होते, तोंडात पिन, हात काळे. मराठी ते वाचत; अक्षर अक्षर जुळवत, पण वाचत. मी म्हटलं, "थोडं बदललंय."

"तुम्ही लिहिलंय ना?" त्यांनी हात पुसला आणि उर्दूत सही केली.

वाचून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून मी वाचलं नाही. हे मी कारण म्हणून सांगतो आहे. समर्थन म्हणून नाही.

आधी फलक आला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'राखीव पाणथळ', आणि कोपऱ्यात लांब मानेचा एक राजहंस. दाऊदभाई त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हा कधी आला होता?"

"कधीच नाही."

"मग पाहुणा असेल. नाव नका विचारू." ते त्या दिवशी इतके खूश होते, की त्यांनी पाड्यावर जाऊन सोनीबाईची छत्री स्वतःहून दुरुस्तीला मागून घेतली. जाळीवाले एकदा आले आणि फलक वाचून परत गेले. तो एक हिवाळा आणि त्यानंतरचा एक पावसाळा, तळं खरोखर राखीव होतं. त्या पावसाळ्यात कमळपक्ष्यांची दोन घरटी होती. दुसऱ्या हिवाळ्यात अडया परत आल्या. आणि मे महिन्यात यंत्र आलं.

यंत्र चालवणारा बिहारी मुलगा होता, त्याच्याशी दाऊदभाई हिंदीत बोलले. त्याने ऑर्डरचा कागद दाखवला. गाळ, गवत, काठ, सुशोभीकरण. दाऊदभाईंनी अक्षर अक्षर जुळवत तो वाचला आणि परत दिला. "बेटा, संभालके चलाना. उधर बाजू में दलदल है," एवढंच म्हणाले.

फाट्याकडे परत येताना मी त्यांना सांगितलं. ते वाक्य माझं होतं. कारकुनाने सुचवलं, पण लिहिलं मी, आणि तुम्हाला वाचून दाखवलं नाही. ते चालत राहिले. फाटा आला, एसटी यायची होती. तिथे म्हणाले, "सही माझी आहे."

मी म्हटलं, "दाऊदभाई, रागावा तरी."

"कुणावर?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना उत्तर हवं होतं.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. भांडण नव्हतं. बाजारात दिसले की सलाम होई, तब्येतीची चौकशी होई. मी दोनदा धडधाकट छत्री घेऊन दुकानात गेलो. त्यांनी ती उघडून पाहिली, मिटली, आणि "हिला काही झालेलं नाही," म्हणून परत दिली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी घरीच राहायला लागलो. ते जात होते, हे एसटीच्या कंडक्टरकडून कळे. एकटेच, छत्री न घेता. छत्री आता लागत नव्हती. लपावं असं तिथे कुणी नव्हतं. तळ्याचे काठ उभे कापून दगडाने बांधले होते. चिखलाची पट्टी गेली, लव्हाळा गेला, कुमुदं गेली. खोल, स्वच्छ, चौकोनी पाणी. लांब पायांच्या पाखराला उभं राहायला त्यात जागा नव्हती.

या काळात मी फार वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

तीन वर्षांनी, एका मे महिन्यात, मी न राहवून गेलो. भर दुपार होती. दाऊदभाई बांधावर ऐनाच्या झाडाच्या सावलीत बसले होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली, जशी गेल्या आठवड्यात भेटलेल्या माणसाला करावी. समोर पाणी होतं. मे महिन्यात पुरुषभर पाणी. दगडी काठावरून बायका हंडे भरत होत्या. सोनीबाई वाकत वाकत आमच्याकडे आली.

"ये छत्रीवाल्या, बघ. औंदा एकदा पन दरीत नाय उतरलूं." मग तिने मला ओळखलं. "हा कागदवाला ना तुझा?"

"हो," दाऊदभाई म्हणाले. "पाण्याचं याच गुरुजींनी लिहिलं. मी नव्हतं सांगितलं. त्यांनीच घातलं."

सोनीबाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिच्या हाताला ओल्या मातीचा वास होता. मी दाऊदभाईंकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते. ते मला टोचून बोलले, की मोकळं करत होते, की नुसतं जे घडलं ते सांगत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही मी या तीनपैकी कधी एक धरतो, कधी दुसरं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "परत येतील का?"

"कोण?"

"अब्बा."

"गाळ भरायला पाहिजे. गाळ भरायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. आणि भरला तर ह्या बाया परत दरीत उतरणार. काय मागायचं, गुरुजी? मला तर आता अर्जच सुचत नाही."

पुन्हा आम्ही अधूनमधून एकत्र जायला लागलो. पूर्वीसारखं नाही. हनुवटी वळवायला काही नसे, त्यामुळे ते बोलू लागले. मुलीविषयी, तिच्या सासरच्या भिवंडीविषयी, बटण दाबून उघडणाऱ्या नव्या छत्र्यांविषयी, ज्या दुरुस्त होत नाहीत. मला ते बोलणं ऐकवत नसे. ज्या माणसाबरोबर तासन्‌तास गप्प बसलो होतो, त्याच्याशी गप्पा मारणं मला कधी जमलं नाही. मग त्यांना दमा जडला. नसीम येऊन त्यांना भिवंडीला घेऊन गेली.

शेवटचे ते आले जानेवारीत, दुकान रिकामं करायला. दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तळ्यावर जाऊ." फाट्यापासून चालणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून जीप केली. जीप वरच्या रस्त्यावर थांबली. तिथून तळं खाली दिसतं, पण लांबून, नुसतं पाणी. उतरायची वाट सोपी होती तरी त्यांना दम लागला असता. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. स्वेटर तोच होता, आता खांद्यावरून लोंबत होता.

"तुम्ही जा. बघून या. मी इथं बसतो."

मी खाली गेलो. काठाने सगळं तळं फिरलो. दगडी पायऱ्यांवर एक बाई कपडे धूत होती. पाण्यावर काहीच नव्हतं. धोबी नव्हता, टिबुकलीही नव्हती. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी लव्हाळ्याचं मोठं बेट होतं, तिथे मी मुद्दाम जास्त वेळ उभा राहिलो. वर पाहिलं तर दाऊदभाई उठून रस्त्याच्या अगदी कडेला आले होते. डोळ्यांवर हात धरून ते तळ्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. मी कुठे थांबतो, कुठे मान वळवतो, ते.

चढून येताना मी ठरवत होतो. एक कमळपक्षी दिसला, असं सांगणं अवघड नव्हतं. लांब शेपटीचा नाही, हिवाळ्यातला, मळका, पायऱ्यांपाशी. त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्या शब्दावर त्यांनी नेहमीच विश्वास ठेवला होता.

"काय होतं?"

"काही नव्हतं, दाऊदभाई."

"टिबुकली?"

"तीही नाही."

त्यांनी मान हलवली. "पूर्ण फिरलात ना?"

"पूर्ण."

"बरं," ते म्हणाले. मग जीपवाल्याला हाताने थांब अशी खूण केली आणि पुन्हा दगडावर बसले. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. खोकला आला की ते रुमालात, आवाज न करता खोकत.

मार्चमध्ये नसीमच्या नवऱ्याचा वाचनालयाच्या फोनवर निरोप आला. दफन होऊन चार दिवस झाले होते.

तळ्यात आता बारा महिने पाणी असतं. पाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात दरीत उतरत नाहीत. सोनीबाई वारली. वरच्या अंगाला, जिथून ओढा आत येतो, तिथे चार हात गाळ साठला आहे. त्यावर गवत आलं आहे, लव्हाळा नाही. मी महिन्यातून एकदा जातो आणि पूर्ण फेरी मारतो. कमळपक्षी आलेले नाहीत.